यतिनकाकाचा आकडा

यतिन सबनीस यांनी माझ्या मुलाला शिसं दिलं, तेव्हापासून माझं आणि त्यांचं बिनसलं होतं. दिलं ते चिठ्ठीवर, हातात नाही. पण मी डॉक्टर आहे, आणि सात वर्षांचं मूल आणि शिसं हे दोन्ही एका वाक्यात आलं की मला पुढचं ऐकू येत नाही. मी चिडखोर आहे हे इथेच सांगून टाकते. हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत बारा तास गोड बोलून झालं की उरलेलं सगळं घरी आणि गावात बाहेर पडतं. माझा नवरा कुमार म्हणतो, पेशंट नशीबवान आहेत.

गाव म्हणजे ऑस्ट्रेलियातलं कालगुर्ली. पर्थपासून सहाशे किलोमीटर आत, चहूकडे लाल माती, आणि गावाला खेटून सोन्याच्या खाणीचा खड्डा. त्यात सुरुंग उडाला की आमच्या कपाटातल्या वाट्या किणकिणतात. कुमार खाणीवर इंजिनीअर आहे. आम्ही दोन वर्षांसाठी म्हणून आलो त्याला सहा वर्षं झाली. इथे सगळेच दोन वर्षांसाठी आलेले असतात. यतिनदादा बावीस वर्षांपूर्वी दोन वर्षांसाठी आले होते.

ते छप्पन्न वर्षांचे, मूळचे जुन्नरचे, एकटे. लग्नाचं कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणतात, दूध आणायचं राहून गेलं असं सांगावं तसं. काम एका प्रयोगशाळेत, सोनं तपासायचं. खाणीतून दगड येतो, त्यात सोनं किती आहे ते डोळ्याला दिसत नाही. म्हणून तो दळतात, शिशाच्या पिवळ्या भुकटीत मिसळतात आणि भट्टीत वितळवतात. शिसं त्या रसातून खाली उतरता उतरता सोन्याचा कण न् कण गोळा करून आणतं. मग तो शिशाचा गोळा एका सच्छिद्र वाटीत ठेवून परत तापवला की शिसं वाटीत जिरून जातं आणि वर खसखशीएवढा सोन्याचा मणी उरतो. "असे दिवसाला शंभर मणी काढतो, एकही आपला नसतो," हे त्यांचं वाक्य. हे सांगताना त्यांचा चेहरा जराही हलत नाही. त्यांचा चेहरा एरवीही हलत नाही.

शनिवारचा वर्ग सुरू झाला तो आमच्या गरजेपोटी. मुलांना शनिवारी दुपारी नेण्यासारख्या इथे तीन जागा, स्विमिंग पूल, लायब्ररी आणि घरातली दुसरी खोली. आम्ही आयांनी ठरवलं की श्लोक, पाढे, थोडं मराठी असं काहीतरी करावं, आणि यतिनदादांना विचारलं, तुम्ही एकटे आहात, तुम्हाला वेळ असेल. ते म्हणाले, श्लोक मला दोनच येतात, पाढे फोनमध्ये आहेत, मूलद्रव्यं शिकवतो. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना मूलद्रव्यं? आमच्यातली चित्रलेखा म्हणाली, अहो त्यांना अजून बुटाची नाडी बांधता येत नाही. यतिनदादा म्हणाले, नाडीला मी नाही, ती घरी शिकवा.

पद्धत अशी. फेब्रुवारीतल्या पहिल्या शनिवारी पोह्यांच्या स्टीलच्या डब्यातून प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची. चिठ्ठीवर जे नाव येईल ते वर्षभर आपलं. बदलून मिळत नाही. त्याचं खानदान कोण, ते कुणाशी जमवून घेतं, कुणाशी नाही, घरात कुठे लपलंय, सगळं त्या मुलाने शोधायचं. आणि वर्गात एकच प्रश्न सारखा विचारायचा, "हे कशाचं आहे?" तो विचारला गेला की मोठ्या माणसानेही उत्तर टाळायचं नाही. माहीत नसेल तर तपासून सांगायचं.

मुलांना हा खेळ इतका आवडला की आम्हाला नको झालं. निनादला लोखंड मिळालं होतं. तो चुंबक घेऊन फिरे आणि नाश्त्याचं सीरियल पाण्यात कालवून त्यातलं लोखंड काढून दाखवी, मग ते सीरियल कोण खाणार हा प्रश्न उरे. सोडियमवाली मुलगी मिठाच्या डब्याला "माझे आजोबा" म्हणायची. एकाला निऑन आलं होतं, नोबल गॅस, जे कुणाशीच संबंध ठेवत नाही. त्याने आठवडाभर घरी कुणाशी बोलणं सोडलं आणि "आय ॲम नोबल" एवढंच सांगितलं. यतिनदादा तशाच निर्विकार चेहऱ्याने सांगायचे की ऑक्सिजन हा शेजारी आहे, सगळ्यांच्या घरात शिरतो आणि जाताना गंज ठेवून जातो. अकरा पोरं जमिनीवर लोळून हसायची. ते फळा पुसत उभे.

खरी गंमत आयाबापांची झाली. आम्ही पुण्या-मुंबईची माणसं. तक्त्यात प्रत्येक मूलद्रव्याला नंबर असतो हे कळल्यावर दोन दिवसांत तो नंबर म्हणजे मार्क झाला. निऑनच्या वडिलांनी फोन करून विचारलं, आमचा दहाच का, अभ्यासात तर बरा आहे. चित्रलेखाच्या निहारिकाला सोनं आलं, नंबर एकोणऐंशी, आणि चित्रलेखाने सोन्याच्या गावात मुलीला सोनं मिळालं म्हणून बर्फी वाटली. माझ्या गंधारला शिसं. तो गाडीत बसून रडला. "मम्मा, मी पॉयझन आहे."

मी तशीच आत गेले आणि म्हटलं, "यतिनदादा, दुसरी चिठ्ठी द्या."

"बदलून मिळत नाही, डॉक्टर."

"लहान मुलाला शिसं? तुम्हाला काही वाटतं का?"

ते बाहेर आले, गाडीच्या खिडकीशी वाकले आणि गंधारला म्हणाले, "शिसं ब्याऐंशी नंबरला आहे. सोनं एकोणऐंशी. आणि शिसं गेल्याशिवाय सोनं सापडत नाही, हे मी रोज बघतो. निहारिकाला सांगू नकोस, वाईट वाटेल."

त्याने अर्थातच रस्त्यातच फोन मागून निहारिकाला सांगितलं. त्या दिवसापासून तो ब्याऐंशी होता आणि मी एकटीच नाराज होते.

दुसऱ्या शनिवारी यतिनदादांनी फळ्याच्या कोपऱ्यात एक आकडा लिहिला, सोळा. खाली लिहिलं, काका. मग मुलांना आणि दाराशी उभ्या असलेल्या आम्हाला सांगितलं की मी शिशात काम करतो, त्यामुळे दर महिन्याला माझं रक्त तपासतात. आज माझ्या रक्तात शिसं सोळा आहे. तीस झालं की मला भट्टीवरून काढतील. भट्टीशिवाय त्या प्रयोगशाळेत मला दुसरं काम नाही, तेव्हा तीस झालं की काका पर्थला. मुलांनी विचारलं, पर्थला काय आहे? ते म्हणाले, काही नाही, म्हणून तीस होऊ द्यायचं नाही.

काळजी मात्र ते घेत. कामाचे बूट कामावर, कपडे तिथेच, अंघोळ तिथे एकदा आणि घरी एकदा. वर्गात मुलांना हाताने खाऊ द्यायचा नाही हा त्यांचा नियम होता. बिस्किटांचा बंद पुडा टेबलावर असे, मुलांनी फोडायचा. मला याबद्दल त्यांचं कौतुक वाटायला हवं होतं. मला वाटलं, इतकी काळजी घेतोय म्हणजे आहेच काहीतरी.

मार्चमध्ये आकडा एकोणीस झाला, एप्रिलमध्ये तेवीस.

मुलांचा जीव टांगणीला. आल्या आल्या आधी फळ्याकडे बघायची. प्रयोगशाळेत नवा मॅनेजर आला होता, त्याने यतिनदादांना बोलावून सांगितलं की भट्टीवरच्या बाकीच्यांचे आकडे दहाच्या आसपास आहेत, तुमचाच चढतोय, म्हणजे तुम्ही हलगर्जी आहात. बावीस वर्षांत या माणसाने एक मूस फोडली नव्हती. हे त्यांनी आम्हाला सांगितलं तेव्हा आवाज तोच होता, फक्त खडू दोनदा हातातून पडला.

मी तेव्हा पार्किंगमध्ये त्यांची उलटतपासणी घेतली. डॉक्टर म्हणून घेतली असं मी तेव्हा म्हणत होते.

"हात किती वेळा धुता?"

"मोजलं नाही. कातडी निघेपर्यंत."

"घराचा रंग जुना आहे? नळ? नेमबाजी करता? मासे पकडायची वजनं? कल्हईची भांडी? आयुर्वेदिक भस्म, काढे, चूर्ण, गावाहून कुणी पाठवलेली कसली पूड?"

"नाही." प्रत्येकाला नाही. विचार करून, प्रामाणिकपणे नाही.

"मग मॅनेजर बरोबर म्हणतोय," मी म्हटलं. हे मी म्हटलं, आणि गाडीत बसून निघून आले. कुमार म्हणाला, थोडं जास्त झालं. मी म्हटलं, त्यांचा आकडा जास्त झाला ते बघ.

मेच्या शेवटच्या आठवड्यात चित्रलेखाचा मेसेज आला. काकांचा रिपोर्ट आला, अठ्ठावीस. मी ठरवून टाकलं. गंधारला वर्गातून काढायचं. अशा माणसाजवळ मूल ठेवायचं नाही, आणि हे फोनवर न सांगता तोंडावर सांगायचं, कारण मी स्पष्टवक्ती आहे असा माझा समज होता. शनिवारी सकाळी शिफ्ट नव्हती. गंधारला सांगितलं, काकांकडे जाऊन येऊ. तो खूश झाला. त्याला वेगळंच काम होतं. "माझं मूलद्रव्य कुठे राहतं" या यादीत पाच जागा भरायच्या होत्या आणि त्याच्या दोनच भरल्या होत्या, गाडीची बॅटरी आणि बाबाच्या गळाची वजनं. काका शिशात काम करतात तर त्यांच्या घरी नक्की मिळेल, असा त्याचा हिशोब. यादीची वही आणि खानदानाचा कागद काखोटीला मारून तो निघाला. खानदानाच्या कागदावर त्याने शिशाची चार रूपं क्रेयॉनने रंगवली होती. धातू करडा, भट्टीतली भुकटी पिवळी, एक पांढरं आणि एक भगवट लाल.

दार उघडंच होतं. आतून "या" आलं. हॉलच्या बाजूला चादरी-टॉवेल ठेवायचं कपाट असतं ना, इथल्या प्रत्येक मराठी घरात त्याचं देवघर झालेलं असतं, तसं त्यांचंही होतं. ते नुकती अंघोळ करून, उघड्या अंगाने त्याच्यापुढे उभे. खणात एक मूठभर आकाराचा मारुती, शेंदराच्या थरांनी फुगलेला, नाक-डोळे जेमतेम. एका हातात वाटी, तेलात कालवलेला शेंदूर, आणि दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाने ते मारुतीच्या पाठीवर लेप देत होते. बाजूला बशीत गूळ-खोबरं.

"दोन मिनिटं, डॉक्टर. एवढं झालं की बोलू."

मी म्हटलं, "रोज करता?"

"आधी शनिवारीच करायचो. फेब्रुवारीपासून रोज. विमलताईने सांगितलं." विमलताई म्हणजे त्यांची जुन्नरची बहीण. "नवीन मॅनेजर आला, नोकरीचं काही खरं नाही म्हटल्यावर ती म्हणाली, रोज लाव, वर्षभर. आकडा वाढायला लागल्यावर म्हणाली, दोन वेळा लाव."

गंधार माझ्या पुढून जाऊन कपाटासमोर उभा राहिला होता. त्याने कागद वर धरला, शेंदराच्या बाजूला.

"काका, दॅट्स माय ऑरेंज."

"हा शेंदूर. मारुतीचा."

"सेम आहे." त्याने पुन्हा कागद लावून बघितला. "हे कशाचं आहे?"

यतिनदादा लेप देता देता थांबले. बोट हवेत तसंच. वर्गात हा प्रश्न विचारला की ते दोन सेकंदांत उत्तर देतात, आणि नसलं तर "तपासून सांगतो" म्हणतात. त्यांनी बोटाकडे बघितलं, मग बशीतल्या गुळाकडे, ज्यातला एक खडा अर्धा खाल्लेला होता. मग माझ्याकडे.

मी गंधारचा हात धरून त्याला मागे ओढलं. माझ्या कानशिलावर कुणीतरी मारल्यासारखं झालं होतं. नळ विचारले, रंग विचारला, कल्हई विचारली. बाहेरच्या कुठल्या डॉक्टरने देवाचं विचारलं नसतं तर मी त्याला हसले असते, की बघा, यांना आपल्या घरातलं काही कळत नाही. मला सगळं कळत होतं. माझ्या आईच्या घरी असाच मारुती आहे, मीही लहानपणी त्याच्या पायाचा शेंदूर बोटाने कपाळाला लावलाय. आणि मला तो प्रश्न सुचला नाही, कारण तो शेंदूर मला कधी पदार्थ वाटलाच नव्हता.

"तपासून सांगतो," यतिनदादा म्हणाले. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि आत जाऊन हात धुतले. पाण्याचा आवाज बराच वेळ येत होता. बाहेर आले तेव्हा शर्ट घातलेला होता.

"तुम्ही काहीतरी बोलायला आला होतात, डॉक्टर."

"नाही," मी म्हटलं. "सहज आलो होतो."

सोमवारी त्यांनी शेंदराची पुडी प्रयोगशाळेत नेली. तिथे बारकोड वाचायच्या बंदुकीसारखं एक यंत्र असतं, पदार्थावर रोखलं की आत काय आहे ते सांगतं. त्याने तीन सेकंद घेतले. जवळजवळ सगळं शिसंच. दिवसभर हातमोजे, मुखवटा, दोन अंघोळी करणारा माणूस घरी येऊन उघड्या बोटाने तेच कालवत होता आणि त्याच हाताने प्रसाद खात होता. आकडा वाढला की शेंदूर वाढवत होता, शेंदूर वाढला की आकडा वाढत होता. नोकरी वाचवायचा उपायच नोकरी खात होता आणि त्याला हे माहीत नव्हतं, तर इतर कुणाला काय माहीत असणार.

मॅनेजरने एक फॉर्म भरायला दिला. पदार्थाचं नाव, बनवणारा, वापराचं प्रमाण. शेवटी, वापराचा उद्देश. यतिनदादांनी इंग्रजीत लिहिलं, नोकरी टिकावी म्हणून. मॅनेजरने तो फॉर्म दोनदा वाचला, "नो वरीज, मेट" म्हणाला आणि सही केली. हलगर्जी म्हटल्याबद्दल त्याने माफी मागितली नाही. मी मागितली. त्यांच्या दारात जाऊन मागितली. मी त्यांना पार्किंगमध्ये जे बोलले होते त्याची मला लाज वाटत होती, आणि तसं मी सांगितलं. ते म्हणाले, "तुमचे प्रश्न चांगले होते, एकच कमी होता."

अकराही मुलांची रक्तं मी तपासून घेतली, आयाबापांच्या शिव्या खाऊन. सगळी स्वच्छ. बंद पुड्याच्या बिस्किटांनी ती वाचवली होती, असं मी मानते.

मग मारुतीचा प्रश्न आला. नुसतं शेंदूर लावणं थांबवून भागणार नव्हतं, कारण कपाटात किलोभर शिसं बसलेलं होतं आणि रोज त्याची पूड झडत होती. तो दगड त्यांच्या आईचा. ती सहा वर्षांपूर्वी गेली तेव्हा ते पोचेपर्यंत दोन दिवस उलटले होते. इथून पर्थ, पर्थहून सिंगापूर, मुंबई, मग जुन्नर. घरातून त्यांनी फक्त हा मारुती आणला. विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं होतं, यात लाकूड आहे? बिया? माती? त्यांनी खरी उत्तरं दिली होती, नाही, नाही, नाही. वरचे थर त्यांचे, पण आतले सगळे तिचे. लग्न होऊन आल्यापासून दर शनिवारी तिने लावलेले, पन्नासेक वर्षांचे.

"आहे तसा काचेत बंद करून ठेवता येईल," मी म्हटलं. मला खरंच वाटत होतं की त्यांनी तो खरवडू नये.

"गंधारने विचारलंय," ते म्हणाले. "आत काय आहे ते बघायला लागेल."

पुढच्या रविवारी त्यांनी प्रयोगशाळेत, धूर ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात, मुखवटा आणि हातमोजे घालून एकट्याने थर काढले. चार तास लागले. मी विचारलं तर म्हणाले, कांद्यासारखे सुटतात. मला वाटत होतं आतून सुबक मूर्ती निघेल, नाक, डोळे, हातात गदा. शनिवारी त्यांनी वर्गात दगड आणून टेबलावर ठेवला. काळा, गुळगुळीत, नदीतला. त्यावर काही कोरलेलं नव्हतं. कुठेच काही नव्हतं.

"मग नाक?" निहारिकाने विचारलं.

"नाक आईने केलं होतं," यतिनदादा म्हणाले. "अंगठ्याने. मला आत्ता कळलं."

ते फळ्याकडे वळले आणि तारीख लिहायला लागले. तारीख आधीच लिहिलेली होती. तिच्यावरूनच त्यांनी परत एकदा खडू फिरवला. मला त्या माणसाची इतकी माया आली की मी दारातून बाहेर गेले आणि डोळ्यांत धूळ गेली असं सांगितलं. कालगुर्लीत ते कुणीही मानतं.

मार्ग निनादने काढला. त्याचा लाल मातीवर हक्क होता, कारण इथली माती लाल असते ती लोखंडामुळे, आणि हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. त्याने हात वर करून विचारलं, "व्हाय नॉट माय रेड?" मग मुलांनी वर्ग भरायच्या हॉलच्या मागची माती चाळली, धुतली, वाळवली. यतिनदादांनी ती त्या बंदुकीखाली तपासून आणली, कारण आता त्यांचा कशावरच विश्वास राहिलेला नव्हता. खोबरेल तेलात कालवून अकरा मुलांनी अकरा बोटांनी दगडाला लावली. नाक कुणालाच नीट जमलं नाही. जुन्नरला फोटो गेला, विमलताईने विचारलं, हा कोण? गंधार मात्र हिरमुसला होता. त्याच्या मूलद्रव्याला घराबाहेर काढलं होतं, आणि तेही त्याच्यामुळे.

आकडा उतरायला लागला. जूनला पंचवीस, ऑगस्टला एकोणीस, ऑक्टोबरला पंधरा. दर वेळी अकरा पोरं अशी ओरडायची की शेजारच्या खोलीतला योगाचा वर्ग तक्रार करायचा.

डिसेंबरमध्ये शेवटच्या शनिवारी प्रत्येकाने आपापली यादी वाचायची होती. आम्ही आयाबाप मागे खुर्च्यांवर बसलो होतो. फळ्यावर बारा होतं. गंधार वही घेऊन उभा राहिला. "लेड लिव्ज इन. वन, कार बॅटरी. टू, बाबाचे सिंकर्स. थ्री, काकांची लॅब. फोर, मारुती, पण तो आता क्रॉस केलाय. फाइव्ह, यतिनकाका." सगळे हसले. त्याने पेन्सिल काढली आणि वळून विचारलं, "काका, तुम्हाला पण क्रॉस करू?"

"अजून नाही. बारा आहे."

"झीरो कधी होणार?"

"होणार नाही," यतिनदादा म्हणाले. "रक्तातलं शिसं निघून जातं. थोडं हाडात जाऊन बसतं, ते तीस-तीस वर्षं राहतं. डॉक्टरांना विचार."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

"ते कुठलं आहे? लॅबचं?"

"बरंचसं लॅबचं." ते डस्टरने आधीच पुसलेला कोपरा परत पुसत होते. "थोडं आईचं असेल. शनिवारी मी शाळेत जाताना ती मारुतीला शेंदूर लावायची, तेच बोट माझ्या कपाळाला, आणि त्याच हाताने गुळाचा खडा द्यायची."

मी डॉक्टर आहे. ते म्हणतात ते शास्त्राला धरूनच होतं.

"मग काय करू?" गंधारने विचारलं. पेन्सिल वहीवर टेकलेली होती.

"ते राहू दे," यतिनदादा म्हणाले. "खोडू नकोस."

त्याने पेन्सिल खिशात घातली आणि जागेवर जाऊन बसला. मग निहारिका सोन्याची यादी वाचायला उठली. तिची यादी खूप लांब होती.